दारे उघडी ठेवणारे पठार

फ्रान्सच्या नकाशावर ल्वार नदीचा उगम शोधायला गेले, की बोट देशाच्या दक्षिण-मध्य भागातल्या 'मासिफ साँत्राल' या जुन्या डोंगराळ प्रदेशाच्या पूर्वकडेवर येऊन थांबते. तिथे १,७५३ मीटर उंचीचा मेझँक हा निवालेला ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारांवर लिन्यों नावाची लहान नदी उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत पुढे ल्वारला मिळते. या लिन्योंच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ९६० मीटर उंचीवर, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचे एक गाव आहे : ल शाँबों-सुर-लिन्यों. जिल्हा ओत-ल्वार. पलीकडे थोड्याच अंतरावर आर्देश जिल्ह्याची हद्द लागते.

गावात किल्ला नाही, भव्य कॅथेड्रल नाही. इथे कोणत्या राजाचा जन्म झाला नाही की इतिहासात गाजलेली लढाई झाली नाही. तरीही जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संस्थेने १९९० मध्ये या गावाचा, आसपासच्या गावांसह, सामुदायिक गौरव केला. नाझी काळात ज्यूंचे प्राण वाचवल्याबद्दल हा गौरव सहसा एकेका व्यक्तीचा होतो. संपूर्ण गावाच्या वाट्याला तो युरोपात दोनदाच आला : एकदा हॉलंडमधल्या न्यूवलांडेच्या, एकदा ल शाँबोंच्या.

या गावावर पुस्तके लिहिली गेली, चित्रपट निघाले. त्यांतून पुष्कळदा एका धीट पाद्र्याची आणि त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या गावाची गोष्ट सांगितली जाते. गोष्ट खरी आहे, पण ती १९४० मध्ये सुरू होत नाही. तिची मुळे इथल्या जमिनीत आहेत, हवेत आहेत, जुन्या छळाच्या आठवणीत आहेत आणि मीटरभर रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या एका आगगाडीतही आहेत.

दगड, बर्फ आणि एकाकी शेतघरे

पठाराचा कणा ग्रॅनाइटचा. त्यातून ज्वालामुखीच्या जुन्या सुळक्यांची डोकी वर आलेली दिसतात. १,३८८ मीटर उंचीचा लिझ्यूचा सुळका गावातून सहज ओळखता येतो. घरांच्या भिंती करड्या ग्रॅनाइटच्या आणि जाड, जुनी छपरे दगडी फरश्यांची. एकाच छपराखाली माणसे आणि गुरे, वर गवताचा माळा, अशी इथल्या शेतघराची जुनी रचना. त्यामुळे बर्फाच्या दिवसांत घराबाहेर पाऊल न टाकता गुरांना चारा घालता येई.

हिवाळा लांब आणि कडक. त्या दिवसांत उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला इथले लोक 'ब्युर्ल' म्हणतात. हा वारा पडलेले बर्फ उचलून रस्त्यांवर त्याचे ढीग रचतो आणि वाट, कुंपण, खुणेचे दगड सगळे दिसेनासे करतो. गहू इथे फारसा साधत नाही, म्हणून राय आणि बटाटा ही जुनी पिके. जोडीला गाईंचे दूध, पाइनच्या जंगलातली अळंबी आणि झुडपांवरची निळीजांभळी रानफळे. श्रीमंती अशी या पठारावर कधी नव्हती.

इथली वस्तीही एका ठिकाणी गोळा झालेली नाही. मधल्या गावठाणात थोडी घरे, आणि बाकीची शेतघरे किंवा चार-पाच घरांच्या वाड्या रानाच्या आडोशाने दूरदूर विखुरलेल्या. एका शेतावर काय चालले आहे ते दुसऱ्या शेतावरून दिसत नाही. वाटा वळणावळणाच्या आणि खालून येणारे वाहन लांबूनच ऐकू येते. लपायला आणि लपवायला यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडली नसती. या भूगोलाचा उपयोग लोकांनी विसाव्या शतकात पहिल्यांदा केला असेही नाही.

छळाची आठवण

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट विचार या पठारावर पोहोचला आणि रुजला. फ्रान्समधली धर्मयुद्धे थांबवण्यासाठी चौथ्या हेन्री राजाने १५९८ मध्ये नाँतचा आदेश काढला आणि प्रोटेस्टंटांना मर्यादित का होईना, उपासनेचा हक्क दिला. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये तो आदेश रद्द केला. प्रार्थनामंदिरे पाडली गेली. पाद्र्यांना देश सोडून जाण्यासाठी दोन आठवड्यांची मुदत मिळाली, पण सामान्य श्रद्धाळूंना मात्र देश सोडायलाच बंदी झाली. मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा झाला. तरीही दोन लाखांच्या आसपास माणसे चोरवाटांनी परदेशी गेली. जे राहिले ते रानात, दरीत, रात्रीच्या वेळी जमून प्रार्थना करू लागले. पकडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडत, पाद्र्यांना फाशी देत, स्त्रियांना तुरुंगात टाकत.

शेजारच्या व्हिव्हारे भागातली मारी द्युराँ ही त्यातलीच एक. तिचा भाऊ पाद्री होता. १७३० मध्ये तिला भूमध्य समुद्राजवळच्या एग-मोर्त इथल्या बुरुजात डांबले. धर्म सोडते एवढे म्हटले असते तर सुटका होती. तिने ते म्हटले नाही आणि अडतीस वर्षांनी, १७६८ मध्ये ती बाहेर पडली. प्रोटेस्टंटांना नागरिक म्हणून मान्यता मिळायला १७८७ साल उजाडावे लागले.

विसाव्या शतकात फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचे प्रमाण शंभरात एक-दोन एवढेच होते. ल शाँबोंत मात्र ते बहुसंख्य होते, आणि या कथा त्यांच्या घरोघर मुलांना सांगितल्या जात. सरकारी हुकूम आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. शिवाय बायबलचा जुना करार त्यांना तोंडपाठ. देशोधडीला लागलेल्या इस्राएलच्या वंशजांची कथा ते आपली मानत. कर्मठ दार्बीपंथी कुटुंबेही पठारावर बरीच होती. ती कोणत्याही पाद्र्याला मानत नसत, पण ज्यूंना देवाची निवडलेली प्रजा मानत. पुढे त्यांच्या शेतघरांची दारेही उघडली.

छोटी आगगाडी आणि शहरातली मुले

डोंगराखाली सँतेत्येन हे कोळशाच्या खाणींचे आणि कारखान्यांचे शहर. तिथल्या धुरात वाढणारी कामगारांची मुले फिकट आणि आजारी. लुई काँत या पाद्र्याने १८९३ मध्ये एक संस्था काढली आणि अशा मुलांना उन्हाळ्यात पठारावरच्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवायला सुरुवात केली. स्वच्छ हवा, दूध, रायची भाकरी आणि मोकळे रान हेच औषध. मूल ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला थोडा मोबदला मिळे. गरीब शेतकऱ्याला तो हवाच असे.

१९०२ मध्ये एक मीटर रुंदीच्या रुळांचा लोहमार्ग पठारावर पोहोचला आणि हा ओघ वाढला. मुलांच्या पाठोपाठ क्षयातून उठलेले रुग्ण आले, सुट्टीवर येणारी कुटुंबे आली. खाणावळी, पाहुणघरे, लहान हॉटेले आणि मुलांची वसतिगृहे उभी राहिली. उन्हाळ्यात गावाची वस्ती कितीतरी पटीने वाढे. अनोळखी मुले आगगाडीतून उतरतात, कुणीतरी त्यांना शेतावर घेऊन जाते, जेवूखाऊ घालते, शाळेत पाठवते, हे दृश्य १९४० पर्यंत दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते. युद्धात ज्यू मुले उतरली तीही याच स्टेशनावर.

एका रविवारचे प्रवचन

१९३४ मध्ये आंद्रे त्रोक्मे हे पाद्री गावात आले. उत्तर फ्रान्समधल्या सँ-काँताँचा हा माणूस, आई जर्मन. पहिल्या महायुद्धात त्यांचे गाव जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांनी युद्धाची राखरांगोळी लहान वयातच पाहिली आणि ते पक्के अहिंसावादी झाले. शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले असताना त्यांना माग्दा ग्रिल्ली भेटल्या. फ्लॉरेन्समध्ये जन्मलेल्या माग्दांच्या घराण्यात इटालियन आणि रशियन दोन्ही रक्त होते. हे जोडपे चार मुलांसह शाँबोंच्या पाद्रीघरात राहू लागले. १९३८ मध्ये त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांनी गावात एक माध्यमिक शाळा काढली. तीच पुढे 'कोलेज सेव्हनोल' म्हणून नावारूपाला आली.

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थनामंदिरातून दोघा पाद्र्यांचे निवेदन गावाला ऐकवले गेले. त्याचा आशय असा : सदसद्विवेकावर जबरदस्ती झाली तर ख्रिस्ती माणसाने आत्मबळाच्या शस्त्रांनी विरोध करावा, आणि हा विरोध भीती, गर्व वा द्वेषाविना असावा.

ऑक्टोबर १९४० मध्ये मार्शल पेतँ यांच्या व्हिशी सरकारने ज्यूंविरुद्ध पहिला कायदा केला. त्याच हिवाळ्यात बर्फात भिजलेली एक जर्मन ज्यू स्त्री पाद्रीघराच्या दाराशी आली. माग्दांनी तिला आत घेतले, चुलीपाशी बसवले आणि तिच्या कागदपत्रांसाठी महापौरांकडे धाव घेतली. महापौरांनी साफ नकार दिला. एका परक्या बाईपायी सगळे गाव धोक्यात घालायची त्यांची तयारी नव्हती. हा नकार या इतिहासात महत्त्वाचा आहे, कारण गाव एका दिवसात एकमताने उभे राहिले नव्हते. पुढे मात्र एकेक दार उघडत गेले.

दक्षिण फ्रान्समध्ये ग्युर्स, रिव्हझाल्त अशा छावण्यांत हजारो विस्थापित आणि ज्यू कुटुंबे कोंडलेली होती. क्वेकर, स्विस मदतसंस्था, 'सिमाद' ही प्रोटेस्टंट संघटना आणि ज्यू मुलांसाठी काम करणारी 'ओझे' या संस्थांनी तिथून मुलांना सोडवून आणायचा सपाटा लावला. पण त्यांना ठेवायचे कुठे? १९४१ च्या मे महिन्यात स्विस मदतसंस्थेने शाँबोंत 'ला गेस्पी' हे वसतिगृह उघडले. मग 'लाब्रिक', 'फायदोली', 'ले ग्रियों', 'कोतो फ्लरी' अशी घरे एकामागून एक सुरू झाली. माद्लेन द्रेफ्यूस ही 'ओझे'ची कार्यकर्ती लियोंहून मुलांना गाडीने घेऊन येई आणि शेतघरांची दारे ठोठावत त्यांची सोय लावी. नोव्हेंबर १९४३ मध्ये तिला अटक झाली. बेर्गेन-बेलसेनच्या छळछावणीतून ती जिवंत परतली.

मुले ठेवणाऱ्यांना संस्थांकडून खर्चाचे पैसे मिळत, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. धोका कितीतरी मोठा होता आणि पैसा तुटपुंजा होता. सुट्टीतल्या मुलांसाठी बसलेली जुनी घडी आता जीव वाचवण्यासाठी वापरली जात होती.

रिकाम्या बस

जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत सुमारे १३,००० ज्यूंना पकडले. १० ऑगस्टला व्हिशी सरकारचे युवक-खात्याचे प्रमुख झोर्झ लामिराँ शाँबोंला भेट द्यायला आले. स्वागत थंडच झाले. मग शाळेच्या मोठ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती एक पत्र ठेवले. आमच्यात ज्यू विद्यार्थी आहेत, आम्ही त्यांच्यात आणि आमच्यात फरक करत नाही, त्यांना न्यायला कोणी आले तर आम्ही हुकूम मोडू आणि त्यांना लपवू, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. ज्यांच्यापासून लपायचे त्या सरकारलाच हे आधी कळवण्याचे धाडस सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी केले.

महिना संपायच्या आत पोलीस बस घेऊन आले. त्यांनी त्रोक्मे यांच्याकडे ज्यूंची यादी मागितली. त्यांनी दिली नाही. शोध बरेच दिवस चालला. वसतिगृहांतली मुले आधीच रानात आणि दूरच्या शेतांवर पांगली होती. बस जवळजवळ रिकाम्याच खाली गेल्या.

ओस्कार रोझोव्स्की हा बर्लिनमध्ये जन्मलेला तरुण पठारावर आला तो बनावट नावाने. डॉक्टर व्हायचे स्वप्न ज्यूंवरच्या बंदीमुळे अडलेले. त्याने शिक्के, सह्या आणि ओळखपत्रे हुबेहूब बनवण्याचे तंत्र आत्मसात केले आणि शेकडो माणसांना नवी ओळख दिली. हे सामान तो एका शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपवत असे. काही जणांना शिधापत्रिका मिळाल्या की पठारावर राहता येई. धोका जास्त असलेल्यांना 'सिमाद'चे स्वयंसेवक टप्प्याटप्प्याने स्वित्झर्लंडच्या सीमेपार पोहोचवत.

फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मे, तेइस आणि शाळाप्रमुख रोझे दारसिसाक यांना अटक झाली. गावकरी पाद्रीघरापाशी जमले आणि तंगीच्या त्या दिवसांत जपून ठेवलेल्या वस्तू त्यांच्या हाती देऊ लागले : मेणबत्ती, सार्डिन माशांचा डबा. महिनाभराने सुटकेच्या वेळी मार्शल पेतँ यांच्याशी निष्ठेच्या कागदावर सही मागितली गेली. दोघा पाद्र्यांनी ती दिली नाही. तरीही ते सुटले, आणि त्याच वर्षी भूमिगत झाले.

या गोष्टीला मोठा शोकही आहे. २९ जून १९४३ च्या सकाळी गेस्टापोने 'मेझों दे रोश' या विद्यार्थी-वसतिगृहावर छापा घातला. त्याचे प्रमुख दान्येल त्रोक्मे आंद्रे यांच्या नात्यातले, वय ३१, पेशाने शिक्षक. छाप्याच्या वेळी ते दुसऱ्या वसतिगृहात होते आणि पळून जाऊ शकले असते. ते मुलांपाशी थांबले. एका स्पॅनिश विद्यार्थ्याने पूर्वी लिन्योंत बुडणाऱ्या जर्मन सैनिकाला वाचवले होते. माग्दांनी गावातल्या हॉटेलात विश्रांतीला आलेल्या जर्मन सैनिकांकडे जाऊन त्याची साक्ष मिळवली आणि त्याला सोडवले. अठरा तरुणांना मात्र दान्येलसह नेण्यात आले. त्यांतले काही आउशवित्झला मारले गेले. दान्येल त्रोक्मे एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत वारले. गावचे डॉक्टर रोझे ल फोरेस्त्ये यांनी आफ्रिकेत आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या दवाखान्यात काम केले होते. लियोंजवळ सँ-झनी-लाव्हाल इथे २० ऑगस्ट १९४४ रोजी, मुक्तीला काही दिवस उरले असताना, त्यांना इतर कैद्यांबरोबर ठार केले गेले.

पठारावर सगळेच अहिंसावादी होते असेही नाही. सशस्त्र प्रतिकाराचे गटही इथे होते. १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन गुप्तहेर व्हर्जिनिया हॉल एका लाकडी पायानिशी इथे येऊन विमानातून टाकली जाणारी शस्त्रे उतरवून घेत होत्या. दोन्ही वाटांची माणसे एकाच गावात राहिली आणि त्यांनी एकमेकांना दगा दिला नाही.

पाहुण्यांत एक लेखक, एक गणिती

क्षयाने ग्रासलेले आल्बेर काम्यू ऑगस्ट १९४२ मध्ये शाँबोंजवळच्या पानल्ये या वाडीत एका नातेवाइकांच्या खाणावळीत विश्रांतीला आले. उपचारासाठी ते त्याच छोट्या गाडीने सँतेत्येनला जात. नोव्हेंबरमध्ये दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि अल्जीरियातल्या घराशी, पत्नीशी त्यांचा संपर्क तुटला. साथीने कोंडलेल्या शहराची 'ला पेस्त' ही कादंबरी ते या दिवसांत इथे लिहीत होते. ती १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली.

'ला गेस्पी'त तेव्हा अलेक्झांडर ग्रोतेंदिक नावाचा जर्मनीतून आलेला मुलगा राहत होता. वडील आउशवित्झला मारले गेले, आई छावणीत. पोलीस येणार अशी खबर आली, की ही मुले दोघातिघांच्या टोळ्या करून रानात रात्र काढत. तो कोलेज सेव्हनोलमध्ये शिकून मॅट्रिकपार गेला. पुढे विसाव्या शतकातला एक थोर गणिती ठरला आणि १९६६ मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळाले.

हिशेब आणि श्रेय

किती माणसे वाचली? पाच हजार हा आकडा वर्षानुवर्षे सांगितला गेला. रोझोव्स्की यांनी आपल्या बनावट कागदपत्रांवरून हा अंदाज बांधला होता, आणि त्यात साडेतीन हजार ज्यू धरले होते. नंतरच्या संशोधकांनी तो कमी करावा असे मत मांडले आहे. श्रेयाबद्दलही वाद झाले. १९७९ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ फिलिप हॅली यांचे पुस्तक आले आणि त्रोक्मे जगाला माहीत झाले. पण त्यामुळे दार्बीपंथी, मदत करणारे कॅथलिक, शेजारची गावे, सशस्त्र गट आणि स्वतः जीव धोक्यात घालून काम करणारे ज्यू कार्यकर्ते झाकोळले गेले, अशी तक्रार पठारावरून होत राहिली. ती रास्त आहे. त्रोक्मे बोलले नसते तर कदाचित वाट दिसली नसती, पण त्या वाटेवर चालणारी बहुतेक माणसे नाव मागे न ठेवता गेली.

युद्धानंतर त्रोक्मे दांपत्य आंतरराष्ट्रीय शांतता-चळवळीत उतरले. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४९ मध्ये शांतिनिकेतन आणि सेवाग्राम इथे जगभरच्या शांततावाद्यांची परिषद भरली. तिला माग्दा त्रोक्मे आल्या होत्या. विदर्भातल्या त्या आश्रमाशी या बर्फाळ पठाराचा असा थेट धागा आहे. तत्त्वज्ञ पोल रिकर यांनी १९४५ ते १९४८ कोलेज सेव्हनोलमध्ये शिकवले. आंद्रे त्रोक्मे १९७१ मध्ये गेले, माग्दा १९९६ मध्ये.

पठारावरची आगगाडी १९६८ मध्ये बंद झाली. मार्गाच्या एका भागावर आता पर्यटकांसाठी गाडी धावते. कोलेज सेव्हनोल २०१४ मध्ये बंद पडले. प्रार्थनामंदिरासमोर मात्र वाचलेल्या ज्यूंनी १९७९ मध्ये लावलेली कृतज्ञतेची पाटी आहे, आणि जवळच २०१३ मध्ये उघडलेले स्मृतिस्थळ. २०२० च्या डिसेंबरमध्ये लियोंमध्ये वारलेल्या नव्वद वर्षांच्या एका गृहस्थाच्या मृत्युपत्राने गावाचे नाव पुन्हा जगभर गेले. १९४३ मध्ये मूळच्या ऑस्ट्रियातल्या आईवडिलांबरोबर तो मुलगा म्हणून इथे आला होता. त्याने आपली सुमारे वीस लाख युरोंची संपत्ती ल शाँबोंला दिली, आणि ती मुलांच्या शिक्षणासाठी वापरावी अशी इच्छा व्यक्त केली.

गावात आश्रय मागणाऱ्यांचे एक सरकारमान्य केंद्रही आहे. देशोदेशीच्या युद्धांतून निसटलेली कुटुंबे तिथे कागदपत्रांची वाट पाहत राहतात आणि त्यांची मुले गावातल्या शाळेत जातात. म्हणजे अनोळखी मुलाला आपल्या बाकावर जागा करून देण्याचे काम या पठारावर आजही चालू आहे.

फ्रान्सला जाणाऱ्या वाचकांनी पॅरिसच्या पलीकडे दोन दिवस काढावेत, सँतेत्येनमार्गे या पठारावर यावे. ल शाँबोंचे स्मृतिस्थळ पाहून तिथेच थांबू नये. माझे-सँ-व्वा, ताँस, फाय-सुर-लिन्यों आणि आर्देशच्या हद्दीतले सँताग्रेव्ह ही गावेही पाहावीत. १९९० चा तो गौरव एकट्या ल शाँबोंचा नाही, या साऱ्या शेजारगावांचा आहे.